पाव इंच माया

शिवणकामात माया म्हणजे टिपेच्या पलीकडे सोडलेलं जादा कापड. आई कापडावर खडूनं दोन रेघा मारायची. आतली टिपेची, बाहेरची मायेची. कात्री नेहमी बाहेरच्या रेघेवरून. माझ्या शाळेच्या पँटीला ती खाली चार बोटं माया ठेवायची आणि दर वर्षी मी वाढलो की दुमड उसवून, इस्त्री फिरवून पुन्हा टीप मारायची. दुमडीत दडलेल्या कापडाला ऊन लागलेलं नसे, त्यामुळे माझ्या पायाशी कायम एक गडद पट्टा. वर्गातल्या एका पोरानं त्यावर बोट ठेवून, “यंदा एवढा वाढलास होय?” असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. मला त्या पट्ट्याची लाज वाटायची. त्यात लाजायचं काय, हे आईला कधीच कळलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मी जे शिवायला घेतलं, त्यात मायेला जागाच नव्हती.

धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला तेव्हा मी जाहीर करून टाकलं की बाळाचे बूट मी शिवणार. घरात कुणी हसलं नाही, हे जरा खटकलंच. आईची नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिलेली नाही. तिचं मशीन माझ्याकडे आलं, आणि मशीनबरोबर तुकड्यांचा पत्र्याचा डबाही. मशीन वापरायला मी हळूहळू शिकलो होतो. उशांचे अभ्रे, पिशव्या, पडद्यांच्या किनारी, सगळी सरळ रेघेची कामं. मला वाटलं, बूट म्हणजे काय, बोटभर वस्तू. एका दुपारचं काम.

बोटभर वस्तू शिवणं हे हातभर वस्तू शिवण्यापेक्षा अवघड असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पडद्याची टीप कुठे दोन मिलिमीटर सरकली तर ती शोधायला भिंग लागेल. बुटाचा तळवा असतो नऊ सेंटिमीटरचा. टाचेकडे दोन मिलिमीटर आणि बोटांकडे दोन मिलिमीटर टीप आत गेली की चार मिलिमीटर गेले, आणि तेवढ्यात बूट पायात जायचा राहतो. शिवाय पडद्याला कोपरे असतात. बुटाला एकही कोपरा नाही, सगळी वळणंच.

आधी कागदाचा नमुना काढला. काढताना माझ्या डोक्यात मोठ्या माणसाचं पाऊल होतं, मधे बारीक, कमान असलेलं. बाळाचं पाऊल तसं नसतंच. पूर्ण दिवसांच्या बाळाचा तळवा साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर लांब असतो, आणि तो पुढे बोटांपाशी सर्वांत रुंद असतो, वल्ह्याच्या पात्यासारखा. तळव्याची कमान दिसत नाही, कारण तिथे चरबीची गादी असते. मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडं मोजतात. बाळाच्या पावलात त्यांतली काही अजून हाडं झालेलीच नसतात, आणि बाकीच्यांतही बरीचशी मऊ कूर्चाच असते. टाचेचं हाड जन्माआधीच घडायला लागलेलं असतं. पण कमानीच्या माथ्याशी नावेच्या आकाराचं एक हाड आहे, ते घडायला सुरुवातच होते तिसऱ्या वर्षाच्या आसपास. म्हणजे कापडानं चेपलं तर हे पाऊल मुकाट्यानं चेपलं जाणार. तेव्हा पहिला नमुना फाडला आणि दुसरा काढला: बोटांकडे ऐसपैस, टाचेकडे गोल, लांबी नऊ सेंटिमीटर. वाढीसाठी एक सेंटिमीटर मोकळं. त्याहून जास्त ठेवलं तर बूट पायात राहत नाही.

मग डबा उपडा केला.

तुकड्यांच्या डब्याला एक वास असतो, जुन्या इस्त्रीचा आणि धूळ बसलेल्या खडूचा. त्यात काय नव्हतं! माझ्या त्याच पँटीचा गुडघा होता. बहिणीच्या फ्रॉकची बाही, पडद्याची झालर, कुठल्याशा चादरीची किनार. आईनं डोळे मिटून एकेक तुकडा बोटांत चोळला आणि कशाचा ते सांगितलं. दोनदा चुकली, पण तिनं ते मान्य केलं नाही.

कुठला तुकडा घ्यायचा हे ठरवायच्या काही साध्या रीती आहेत, आणि मला त्या शिवणाऱ्या लोकांच्या सगळ्या ज्ञानात जास्त आवडतात. तुकडा खिडकीशी उजेडासमोर धरायचा. जिथे उजेड चाळणीसारखा झिरपतो तिथलं कापड विरलेलं, ते बाजूला. शर्ट कापायचा असेल तर कॉलर, कफ आणि कोपराकडे बघूही नये. शर्टाचं सगळ्यांत धट्टंकट्टं कापड असतं पाठीच्या खालच्या भागात, जे वर्षानुवर्षं पँटीत खोचलेलं असतं. कापड सुती की पॉलिएस्टर हे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत भुरभुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. ते मणी मी बराच वेळ करत बसलो होतो, गरज नसताना.

जुनं सुती कापड बाळासाठी नव्यापेक्षा बरं असतं. त्यातली खळ कधीच धुऊन गेलेली असते, आणि आटायचं तेवढं ते आटून बसलेलं असतं. नवं सुती कापड न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात बूट एका बाळाचा राहत नाही, त्याच्याहून लहान बाळाचा होतो.

त्याच दिवसांत मी लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलबद्दल वाचलं. नाव हॉस्पिटल असलं तरी ज्या मुलांना आईबाप वाढवू शकत नव्हते त्यांचा तो आश्रम होता, १७४१ साली सुरू झालेला. १७६० पर्यंत तिथे १६,२८२ बाळं आली. आईचं नाव विचारत नसत. पुढे कधी ती परत आली तर बाळ ओळखायचं कसं? तर बाळाच्या अंगावरच्या कपड्याचा नाहीतर आईच्या कपड्याचा एखादा तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचणीनं टाचून ठेवत. छापील फुलांचं सुती कापड, चौकटी, फ्लॅनेल, फितींचे तुकडे. असे सुमारे ५,००० तुकडे आजही शाबूत आहेत. श्रीमंतांचे कपडे संग्रहालयात जातात, गरिबांचे चिंध्या होईपर्यंत वापरले जातात. त्यामुळे त्या काळातल्या साध्या बायका रोज काय नेसत-घालत होत्या हे बघायचं तर याच कागदांकडे जावं लागतं. त्या १६,२८२ पैकी परत नेली गेलेली मुलं १५२.

पुढे १७६७ च्या फेब्रुवारीत आलेल्या एका मुलाच्या कागदाला तुकडे जोडून केलेली एक पट्टी लावलेली आहे. तिच्यावर दोऱ्यानं भरलेलं हृदय आहे, आणि ते मधोमध कापलेलं आहे. अर्धं आईकडे, अर्धं कागदाला. सारा बेंडर हे त्या आईचं नाव कळतं, कारण ती परत आली. १७७५ साली. मूल तेव्हा आठ वर्षांचं होतं.

मी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आठ वर्षं तिनं तो तुकडा जपला म्हणजे तिच्याकडे ठेवायला जागा तरी होती.” मला यावर काय बोलावं कळेना. ती बोलते ते बरेचदा असंच असतं, आणि दोन दिवसांनी त्याचा अर्थ लागतो.

असो. बूट.

बुटाच्या एका जोडीला बारा तुकडे लागतात. तळवे, पुढचा पंजाचा भाग आणि मागचा टाचेचा भाग, प्रत्येक दोन बाहेरचे नि दोन अस्तराचे. बाहेरच्यासाठी मी डब्यातला मातकट रंगाचा कॉर्डरॉय निवडला, अस्तराला पांढरं फ्लॅनेल. कॉर्डरॉयला लव असते. एका दिशेनं हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की अडते. आणि लव वर की खाली, त्यानुसार रंग गडद-फिका दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं बेतायचे. इतकी काळजी मी घेतली, हे आधीच सांगून ठेवतो.

पंजाचा तुकडा तळव्याला जोडताना पहिल्या फेरीत मी टाचण्यांवर विसंबलो. टाचण्या नऊ, बोटं दहा, आणि त्या बोटांतली चार रक्ताळली. पंजाच्या भागाचा घेर तळव्याच्या काठापेक्षा जरा मोठा असतो, तसा असावाच लागतो, नाहीतर बोटांना वर जागा राहत नाही. तो जादा घेर चुणी न पडू देता तळव्यात सामावून घ्यायचा. मधोमध एक खूण, दोन बाजूंना दोन खुणा, मग हातानं कच्चे टाके. मशीनवर सोळा नंबरची सुई. मोटर बंद ठेवून चाक हातानं फिरवायचं. दोन टाके, सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड दाबून धरणारा फूट उचलायचा, कापड केसभर वळवायचं, फूट खाली, पुन्हा दोन टाके. एका पंजाला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी दुसरा कसलाही विचार केला नाही, आणि तसं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

माया ठेवली होती पाव इंच. आईनं बूट हातात घेतला, आत करंगळी घातली आणि म्हणाली, “काप ही.”

“टीप उसवेल ना.”

“उसवणार नाही. निम्मी काप. आणि वळणावर काप दे.”

मोठ्या कपड्यात माया आत गुपचूप पडून राहते. बुटात ती बाळाच्या बोटांना भिडते. तळव्याचा काठ बाहेर फुगणारा. उलथवला की आतली माया कमी जागेत दाटते आणि तिच्या घड्या पडतात. म्हणून तिथे बारीक त्रिकोण कापून काढायचे. पंजाच्या वरच्या तोंडाचं वळण उलटं, तिथे माया ताणली जाते. तिला नुसत्या चिरा द्यायच्या, म्हणजे ती पसरते. दोन्हीकडे कात्रीचं टोक टिपेच्या अलीकडे मिलिमीटरभर थांबायला हवं. मी श्वास रोखून कापत गेलो. पाव इंचाची तीन मिलिमीटर राहिली.

अस्तर नुसतं ऊबेसाठी नसतं. सगळ्या उघड्या कडा आणि धाग्यांची टोकं बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मधे कोंडून टाकणं हे त्याचं खरं काम. बुटाच्या किंवा मोज्याच्या आत सुटलेला एखादा धागा, नाहीतर एखादा लांब केस, बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. तो आवळत जातो, बोट सुजतं, सुजलं की धागा आणखी रुततो आणि दिसेनासा होतो. वेळेत सापडला नाही तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. बाळ नुसतं रडत राहतं आणि मोठी माणसं दूध, पोट, झोप सगळं तपासत बसतात. बाळ उगाच रडत असेल तर आधी मोजे काढून बोटं बघा म्हणतात, ते यासाठी. हे वाचल्यावर मी दोन्ही बूट उलटे करून दिव्याखाली धरले आणि आतला एकूणएक धागा कापला. बटण, मणी, टिकली यांतलं काही लावायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. बाळाचं पाऊल काही महिन्यांत बाळाच्याच तोंडात जातं.

टाचेमागच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवलं, टाके घातले, दोन्ही बूट उलथवले, पेन्सिलीच्या बोथट टोकानं वळणं बाहेर काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सुंदर दिसत होते. लव एका दिशेची, रंग एकसारखा, टाके समान. मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन. हसू आवरत नव्हतं तिला.

“दादा, दोन्ही डावेच आहेत की रे!”

खरंच होते. अंगठ्याकडचा फुगवटा दोन्हींचा उजवीकडे. एकामागून एक चालत निघाल्यासारखे.

चूक कुठे झाली हे कळायला रात्र गेली. अखंड कापड असतं तेव्हा आपण ते दुहेरी घडी घालून कापतो. मग वरचा तळवा डावा निघाला की खालचा आपोआप उजवा. तुकड्यांचं काम तसं नाही. घडी घालण्याइतका तुकडाच नसतो, म्हणून प्रत्येक भाग सुटा कापावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना आपण आठवणीनं उलटा करायचा असतो. फ्लॅनेल दोन्ही बाजूंनी सारखंच, त्याला चूक झालेली कळतही नाही, फिरवून लावलं की झालं. कॉर्डरॉयला सुलट बाजू एकच. मी लव सांभाळत बसलो आणि पाय विसरलो.

उसवून बघू या म्हटलं. पण कसलं उसवतोय! माया कापून झाली होती. तीन मिलिमीटरच्या काठाला जागोजागी त्रिकोण पाडलेले, कॉर्डरॉयचे धागे सुटायला लागलेले. त्यावर दुसरी टीप बसणं शक्य नव्हतं. आणि डब्यात त्या कॉर्डरॉयचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा होता काडेपेटीएवढा.

शेवटी माझ्या निळ्या चौकटीच्या शर्टाच्या पाठीतून दोन उजवे कापले. कापड पातळ, म्हणून आतून फ्लॅनेलचा आणखी एक थर. नमुन्यावर एका बाजूला ठळक ‘डावा’ लिहिलं, उलट बाजूला ‘उजवा’. चौकटी जुळवायच्या भानगडीत पडलो नाही. पडलो असतो तर कदाचित हेही दोन डावे झाले असते. अशा रीतीनं दोन जोड्या तयार झाल्या, प्रत्येकीत एक मातकट डावा आणि एक निळा उजवा. बघणाऱ्याला वाटावं की मुद्दाम केलं आहे. मी तसंच सांगत असे.

भाची झाली. बारा दिवसांची असताना मी बूट घालून बघितला. घालून बघायचा प्रयत्न केला, असं म्हणायला हवं. बाळाच्या तळव्याला बोटांच्या मुळाशी काही लागलं की बोटं आपोआप आत वळतात, मूठ मिटावी तशी. तळव्याच्या बाहेरच्या काठावरून टाचेकडून वर काही घासलं की उलट होतं, बोटं पंख्यासारखी फाकतात. दोन्ही प्रतिक्षिप्त क्रिया, डॉक्टर मुद्दाम तपासून बघतात. बूट घालताना नेमकं हेच दोन्ही आळीपाळीनं होतं. एकदा मिटलेलं पाऊल आत जात नव्हतं, एकदा फाकलेलं. बहिणीनं बूट माझ्या हातातून घेतला, पाऊल टाचेपाशी धरलं, बाळानं जांभई दिली तेवढ्यात सरकवून टाकला. त्यात कौशल्य किती आणि जांभई किती, मला अजून उलगडलेलं नाही.

संध्याकाळी काढल्यावर घोट्यामागे इलॅस्टिकची लाल रेघ उमटलेली दिसली. कोण गप्प झालो मी. चारही बुटांची इलॅस्टिकं काढून दीड सेंटिमीटर लांब घातली, आत माझी करंगळी सहज फिरेल इतकी. त्याचा परिणाम असा की बूट आता लाथेसरशी उडायला लागले. पहिल्या महिन्यातच एक डावा बाहेर फिरायला गेला तो परत आला नाही. चार बुटांतून तीन उरले. साधी जोडी असती तर खेळ खल्लास होता. इथे अजून एक जोडी शिल्लक होती आणि वर एक उजवा राखीव.

सात आठवडे पुरले. मुलींचं पाऊल पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मोठेपणीच्या निम्म्या लांबीला पोहोचतं, मुलग्यांना त्यासाठी दीड वर्ष लागतं. म्हणजे माझ्या भाचीचं पाऊल वर्षभरात निम्मी मजल मारणार, आणि त्या मजलेत माझ्या बुटांचा वाटा सेंटिमीटरभराचा. पुढे ती उभी राहायला लागेल तेव्हा घरात बूट नकोतच. अनवाणी पायाला जमीन कळते, आणि कापडी तळवा फरशीवर घसरतो.

बहिणीनं तीन बूट धुऊन, वाळवून, एका पिशवीत घालून परत आणले. आईनं त्यांतला निळा घेतला. नेहमीप्रमाणे आत बोट घातलं, शिवण चाचपत गेली, मग अस्तर जिथे हातानं मिटवलं होतं तिथले दोन टाके नखानं सोडवले आणि बुटाचं पोट उघडून आत बघायला लागली. तिला काय हवं होतं ते मला कळलं. ती खाली सोडायला माया शोधत होती.

“यात काहीच ठेवलं नाहीस रे,” ती म्हणाली.

“तूच काप म्हणालीस.”

“हो,” ती म्हणाली. “बोटांना लागलं असतं.”

तिनं दोऱ्याचं टोक मागितलं, सुई माझ्याकडून ओवून घेतली आणि ते दोन टाके पुन्हा घातले. मग बूट डब्यात टाकला, तुकड्यांवर, आणि दुसरा हातात घेतला.